घरात १४४

(मंच: एक टेबल, त्यावर जुना मॉनिटर. बाजूला धानाचा भरलेला कट्टा. वक्ता गळ्यात माउसची वायर अडकवून येतो.)

दंडारवाले चहा पिऊन राहिले, तोंडाला रंग लागायचाय, तोवर मंडई सांभाळ म्हणून मला इथं उभं केलं. ओळख सांगायची गरज नाही. दवनीवाड्यात ज्यानं ज्यानं सातबारा काढला, उत्पन्नाचा दाखला मागितला, केवायसीसाठी अंगठा लावला, तो मला ओळखतो. दिवसा मी लोकांचे फॉर्म भरतो. रात्री शटर अर्धं पाडून त्याच कॉम्प्युटरवर गोळ्या झाडतो.

(पहिल्या रांगेकडे पाहून दचकतो.)

गेममध्ये! गेममध्ये, साहेब! ठाण्याचे साहेब बसले आहेत हे आधी सांगत जा रे कोणी.

तर झालं असं. रात्री जेवताना मी बोलून गेलो, "बाबूजी, घरात आता १४४ लावाचं म्हणतो."

बाबूजींचा घास हातातच. "कायले बे? आपन तर चौघंच आहोत. पाचवा कोन येऊन राहिला?"

गावात पोलीस ठाणं असलं की कलमं पोराटोरांना पाठ असतात, बाबूजी तर बाबूजीच. मी म्हणालो, "कलम नाही जी, मॉनिटर. १४४ हर्ट्झचा."

बाबूजी म्हणाले, "आन् ते १४४ आता हाय कुठं? १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागला. जमावबंदी १६३ मध्ये गेली."

मी म्हणालो, "दुकानदारही तेच सांगते! १४४ जुनं झालं म्हणते, १६५ घ्या."

(खुर्चीवर बसतो.)

मग बाबूजींना हर्ट्झ समजवायला बसलो. म्हणालो, पडद्यावरचं चित्र हलत नसतं. एकामागं एक चित्र बदलतं, आपल्याला हलल्यासारखं वाटतं. आपला जुना मॉनिटर सेकंदाला ६० वेळा बदलतो, नवा १४४ वेळा बदलणार.

"साठ वेळा बदलते?"

"हो."

"एका सेकंदात?"

"हो."

"आन् तुले कमी पडून राहिलं?"

(प्रेक्षकांकडे) आता याला काय उत्तर आहे? मी बाजू बदलली. म्हणालो, धंद्यासाठी पाहिजे. तेवढ्यात आतून बायको आली. दिवसा दुकानात माझ्यापेक्षा जास्त वेळ तीच बसते. म्हणाली, "सातबारा हलते का? सेकंदाला १४४ वेळा दाखवला म्हणून कोनाचा अर्धा एकर वाढते का?"

खरं आहे! सातबाऱ्याला हर्ट्झ लागत नाही. तो तीस-तीस वर्षं जागचा हलत नाही. आजोबा वारले तरी आजोबांचंच नाव.

बाबूजींना जोर आला. म्हणाले, "अबे, प्रभातचा 'संत तुकाराम' पाह्यला का? १९३६ सालचा. तुकोबा विमानात बसून वैकुंठाले गेले. किती हर्ट्झवर गेले?"

मी हळूच म्हणालो, "बोलपटात सेकंदाला २४ चित्रं असतात, बाबूजी."

"चोवीस! वैकुंठ चोवीसमध्ये गाठलं मानसानं. विमान अडकत गेलं म्हणून कोनी तक्रार केली का? आन् तुले भिताडाआडून गोळी झाडाले १४४ लागते!"

(उठतो, येरझारा घालतो.)

पण मंडळी, मीही झाडीपट्टीचा आहे. हार मानणार? म्हणालो, बाबूजी, सिनेमा पाहायचा असतो, गेम खेळायचा असतो. सिनेमात विमान तुकोबांचं, तुमच्या हातात काही नाही. गेममध्ये मान माझ्या हातानं वळते. हात हलला आणि पडदा उशिरा हलला, की तो उशीर हाताला कळतो. साठवर एक चित्र पडद्यावर राहतं सुमारे १६.७ मिलीसेकंद. १४४ वर राहतं जवळपास ७. जवळजवळ दहा मिलीसेकंद आधी मला दुश्मन दिसणार!

"मिलीसेकंद म्हंजे?"

"सेकंदाचा हजारावा भाग."

बाबूजी हसणार, तेवढ्यात मी हुकमी पत्ता टाकला. "बाबूजी, शंकरपट!"

(थांबतो. प्रेक्षकांवरून नजर फिरवतो.)

आता कोणी हसत नाही, पाहा! बैलजोड्यांचा शंकरपट म्हटलं की पूर्व विदर्भ सावरून बसतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, १८ मे २०२३ ला राज्याचा कायदा मान्य केला, आणि त्या दिवसापासून बाबूजींचं ब्लडप्रेशर जागेवर आलं. म्हणालो, "पटात जोडी जिंकते कशावर? सेकंदाच्या शंभराव्या भागावर. तिथं तुम्ही घड्याळवाल्याशी भांडता. माझे दहा मिलीसेकंद म्हणजे तोच शंभरावा भाग!"

बाबूजी गप्प. हात धुतले. तोंड पुसलं. आणि जाता जाता म्हणाले, "खरं हाय. पन शंभरावा भाग बैल धावले तर मोजाचा. तुह्ये बैल धावते का?"

(खुर्चीत कोसळतो.)

झोप उडाली. शटर पाडून तपासायला बसलो, माझे बैल धावतात का.

पहिला बैल, ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर चित्र फक्त दाखवतो, काढत नाही. काढतं कार्ड. माझं कार्ड सेकंदाला काढतं सत्तर. आता सत्तरच चित्रं असतील, तर १४४ वाला मॉनिटर उरलेल्या वेळी काय दाखवणार? आधीचंच, पुन्हा! आणि १४४ चित्रं काढणारं कार्ड पाहायला गेलो तर ते मॉनिटरपेक्षा महाग.

भाच्याला फोन लावला. तो नागपूरला इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे गेम खेळतो. म्हणाला, "मामा, कायले पैसे घालता? सेटिंग उतरवा. सावल्या बंद करा, गवत बंद करा, झाडं कमी करा."

झाडं? आम्ही झाडीपट्टीतले लोक! इकडे नागझिरा, तिकडे नवेगावबांध, आणि मी रात्री बारा वाजता झाडं कमी करून राहिलो! पण केली. गवत काढलं, सावल्या काढल्या, पाण्याची चमक काढली. चित्रं गेली १३० वर! दुश्मन लपणार कुठं? जंगल साफ! वनखात्याच्या कोणाला सांगू नका.

दुसरा बैल, इंटरनेट. गेमचा सर्व्हर मुंबईला. आपण महाराष्ट्राच्या या टोकाला, तो त्या टोकाला. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून दुपारी निघते, मुंबईला सकाळी उजाडते. माझी गोळी जाऊन येते ६० मिलीसेकंदात, म्हणजे गाडीच्या मानानं वक्तशीरच. पण हिशेब पाहा. मॉनिटरवर मी वाचवणार दहा, रस्त्यात जाणार साठ. आणि पाऊस आला की साठचे तीनशे. तेव्हा दुश्मन मला मारून, जेवून, भांडी घासून मोकळा होतो, मग मला कळतं मी मेलो.

तिसरा बैल, वीज. आपल्या देशात विजेचा ठोकाच सेकंदाला ५०. तोही असली तर. लाइट गेली की ६० वाला, १४४ वाला, ३६० वाला, सगळे एका पंगतीला. शून्य हर्ट्झ!

चौथा बैल...

(स्वतःच्या छातीवर बोट ठेवतो. थोडा वेळ तसाच उभा राहतो.)

धडधाकट माणसाला समोर काही दिसल्यावर बोट दाबायला लागतात साधारण २०० ते २५० मिलीसेकंद. हे धडधाकट माणसाचं. मी चाळिशीचा, दिवसभर लोकांचे अंगठे मशीनवर दाबून दाबून माझं बोट थकलेलं. मला दुश्मन दिसला की आधी वाटतं, याला कुठं पाहिलं आहे. पीक विम्याला आला होता का?

(हशा ओसरू देतो.)

तरी मन मानेना. गोंदियात एक दोस्त आहे, त्यानं १४४ चा आणला होता. विचारलं, फरक आहे का? म्हणाला, "काय सांगू भाऊ! जुना पडदा आता पाहवत नाही." भाच्याला घेऊन त्याच्या घरी गेलो. भाचा असा बसला, माउस फिरवला, म्हणाला, "काका, हा तर ६० वर आहे." विंडोजच्या सेटिंगमध्ये ६०! दुकानदारानं लावून दिला, याने कधी उघडून पाहिलंच नाही. इतके महिने हा १४४ चं कौतुक करून राहिला, ६० पाहून! पैसे दिले की डोळ्यांना फरक दिसतो बाप्पा. हर्ट्झ नंतर आले तरी चालतात.

भाच्यानं तिथंच १४४ निवडलं. दोस्त पडद्याकडे पाहून म्हणाला, "आता काहीतरी बिघडल्यासारखं वाटते."

शेवटी बाबूजीच म्हणाले, "चाल, दुकानात जाऊन पाहू." गोंदियाला गेलो. दुकानदारानं दोन मॉनिटर शेजारी ठेवले, ६० आणि १६५. बाबूजींच्या हातात माउस दिला. बाबूजींनी बाण गोल फिरवला. साठवर बाण तुटक तुटक, उड्या मारत. १६५ वर पाहतो तर सरसर! मोतीबिंदू काढलेला माणूस, पन्नास गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "अबे, हा धावते!"

दुकानदार आणखी तेल ओततो. म्हणतो, "काका, २४० चाही आहे." पण बाबूजींनी आयुष्यभर धान मोजला आहे. म्हणाले, "साठावरून १४४ ले गेलो तं दहा वाचले. १४४ वरून २४० ले गेलो तं?"

मी म्हणालो, "तीनच्या आत, बाबूजी."

"म्हंजे पैसा चढते आन् फायदा उतरते. ठेव तिकडे."

मग भाव. १६५ चा बारा हजार. बाबूजी कॅल्क्युलेटर वापरत नाहीत. (कट्ट्यावर बसतो.) २०२५-२६ च्या खरिपात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ होता. दुकानाच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "पाच क्विंटल धान, वरून १५५ रुपये. चाळीस किलोचे साडेबारा कट्टे." दुकानदार म्हणाला, "काका, धान घेत नाही आम्ही." बाबूजी म्हणाले, "घेतला असता तं आज नेला असता."

घरी पंचायत बसली. निकाल तिघांनी मिळून दिला. बायकोची अट: दिवसा त्यावर सातबाराच निघणार. भाच्याची अट: कार्ड राहू दे, झाडं बंदच ठेवा, सेटिंग मी लावून देतो. बाबूजींची अट एकच: "चुकारा आला की घेऊ."

(धान विकलेले सगळे हसतात, त्यांच्याकडे बोट दाखवतो.)

हे पाहा, ज्यांना कळलं ते हसून राहिले! धान केंद्रावर देऊन झाला, काटा झाला, पावती खिशात आहे. पैसा येणार आहे. येणारच आहे. बोनसही येणार आहे म्हणतात.

त्यामुळं मंडळी, मॉनिटर अजून जुनाच आहे, ६० चा. पण घरात एक गोष्ट मात्र मी सेकंदाला १४४ वेळा रिफ्रेश होताना रोज पाहतो. सकाळी दात घासताना, दुपारी जेवताना, रात्री गोळी झाडता झाडता, मागून आवाज येतोच:

"पाह्य बरं, जमा झाला का!"

(अंधार.)