जपानचं कौतुक, बिलोलीचा विसर

‘जपानमध्ये एकच वंश, एकच भाषा, बाहेरच्याला थारा नाही, म्हणून तो देश पुढे गेला.’ असला मजकूर मोबाइलवर फिरतो आणि चांगली शिकलेली माणसं तो पुढे ढकलतात. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीत बसून हे करणाऱ्यांचा मला राग येतो.

मुळात हे खरंच नाही. होक्काइदोतले ऐनू तिथले मूळ रहिवासी. कायद्यानं त्यांना तसं म्हणायला 2019 साल उजाडलं. कोरियातून आलेल्यांची तिसरी-चौथी पिढी तिथंच जन्मली, पण जपानात जन्मलं म्हणून नागरिकत्व मिळत नाही. थारा नाही म्हणता, तर 2024 च्या अखेरीस 37 लाखांवर परदेशी तिथं राहत होते. त्याच वर्षी जपानी मुलं जन्मली सात लाखांहून कमी. म्हाताऱ्यांना उठवायला-बसवायला, शेतात, बांधकामावर माणूस मिळेना, म्हणून 2019 पासून वेगळा व्हिसा काढावा लागला. तरी 2025 च्या जुलैत ‘जपानी आधी’ म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षानं वरिष्ठ सभागृहाच्या 14 जागा जिंकल्या. आणि लगेच ऑगस्टात भारताशी ठरलं, की पाच वर्षांत 50 हजार कुशल भारतीय तिकडे जातील. त्यात आपल्या नांदेडची पोरंही असतील. त्यांना तिथं कुणी ‘परका’ म्हणून हिणवलं, तर हेच मजकूर पाठवणारे काय बोलणार आहेत?

आता आपलं बघा. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बिलोली आणि आता तेलंगणात असलेलं बोधन एकाच हैदराबाद राज्यात होती. त्या दिवशी मुधोळ, भैंसा, कुबीर आणि देगलूर तालुक्यातली बिचकुंदा, जुक्कल ही मंडळं नांदेड जिल्ह्यातून निघून पलीकडे गेली. माणसं मात्र होती तिथंच राहिली, सोयरिकी चालूच राहिल्या. आजही बाजारात बोलणं मराठीत सुरू होतं, भाव तेलुगूत तुटतो, मधेच दखनी येते. घरात तेलुगू बोलणाऱ्यांची पोरं मराठी शाळेत शिकली आणि पुढं मास्तर होऊन मराठीच शिकवू लागली. नांदेडला गुरू गोविंदसिंगजी 1708 साली आले. तिथल्या शिखांचं मराठी एकदा कान देऊन ऐका. इतकं मिसळलेलं गाव जपानच्या नावानं शुद्धतेचे गोडवे गातं, हे मला सहन होत नाही.

कारण त्याचा परिणाम घरापर्यंत येतो. मांजरेच्या वाळूघाटावर, रस्त्याच्या कामावर, वीटभट्टीवर बाहेरून मजूर येतात. काम झालं की त्यांनी दिसू नये, अशी आपली अपेक्षा. त्यांची लेकरं पालापाशी दिवसभर खेळत असतात, कुणी विचारत नाही. जपानात परदेशी मुलांना शिक्षण सक्तीचं नाही. 2019 मध्ये तिथल्या शिक्षण खात्यानं पाहणी केली, तेव्हा सुमारे 20 हजार मुलं शाळेबाहेर असावीत असं निघालं. आपल्याकडे निदान ही सबब नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांचं कुठलंही मूल, कुठल्याही राज्यातलं, शेजारच्या शाळेत बसू शकतं. जन्मदाखला नाही, टीसी नाही, म्हणून मुख्याध्यापकांना त्याला परत पाठवता येत नाही. तेव्हा दिवाळीनंतर पालं पडली की शाळा व्यवस्थापन समितीनं तिथं जावं आणि त्या लेकरांची नावं त्याच आठवड्यात पटावर घ्यावीत.