मैत्रीण जोडून इतिहास लिहिण्याची कृती (फक्त नवशिक्यांसाठी)

साहित्य : मैत्रीण एक. वह्या दोन. चहा लागेल तसा.

मराठीत पाककृतीलाही ‘साहित्य’ लागतं आणि संमेलनही ‘साहित्या’चंच भरतं, त्यामुळे नवशिकी भलत्याच मांडवात शिरते. तिथे ज्येष्ठ लेखक भेटतात. ते आपली वही मार्गदर्शनासाठी ठेवून घेतात आणि पुढच्या पावसाळ्यात ‘छान, लिहीत राहा’ म्हणून परत करतात. पहिली पायरी म्हणून हे वगळावं.

त्याऐवजी फणसवळ्याहून रत्नागिरीला येणारी जुनी पायवाट डोळ्यांसमोर आणावी. दलित लेखिका उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) हे आत्मकथन डोक्यावर ओझी घेऊन बाजाराला निघालेल्या बायकांपासून सुरू होतं. एकटीला डोंगर जड जातो, चौघी असल्या की बोलता बोलता वाट सरते. पुढची मागचीला सांगते, ‘हितं निसरडं आहे गो.’ लेखिकांमधलं मार्गदर्शन याहून फार वेगळं असतं असं मला वाटत नाही. पुढचीच्या डोक्यावरही ओझं असतं, एवढं मात्र विसरू नये.

आता हात बसवणे. आयदान म्हणजे बांबूची सुपं, टोपल्या, रोवळ्या. उर्मिलाताई तिसरीत असताना शिक्षक वडील गेले आणि आईने आयदानं विणून मुलांना शिकवलं. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांची वीण एकच, असं लेकीला वाटतं. नवशिकीने यातून लगेच ‘शब्दांची वीण’ वगैरे शीर्षकं काढू नयेत. बांबूने आधी बोटं कापतात.

मग मैत्रीण. उर्मिला पवारांना कार्यकर्त्या मीनाक्षी मून भेटल्या. दोघींनी मिळून आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधल्या, त्यांच्या दारात जाऊन बसल्या, त्यांचं ऐकलं. त्याचं पुस्तक झालं ‘आम्हीही इतिहास घडवला’. ‘स्त्री उवाच’ प्रकाशनाने ते १९८९ साली काढलं. नवशिकीने मुखपृष्ठावरच थांबून तो ‘ही’ नीट पाहावा. मला तर सगळं पुस्तक त्या एका अक्षरावर उभं असल्यासारखं वाटतं. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात १९२७ साली बायका होत्या. नागपुरात २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली, तिला २५,००० बायका आल्याचं सांगितलं जातं. पंचवीस हजार! आपल्याकडे हळदीकुंकवाला पंचवीस जमल्या तर वाटी-चमच्यांचा हिशेब चुकतो. एवढ्या बायका चळवळीच्या इतिहासात मात्र ‘आणि महिलाही उपस्थित होत्या’ एवढ्या ओळीत मावल्या. पुढे १९७५नंतर शहरातल्या स्त्रीवादी मैत्रिणी बोलू लागल्या, तेव्हा त्यांनाही आपल्या आधी कुणी बोललं होतं याची फारशी खबर नव्हती. म्हणजे तो ‘ही’ दोन्हीकडे तोंड करून आहे, चळवळीतल्या भावांकडे आणि मोर्चातल्या बहिणींकडेही. मैत्रिणीला मैत्रिणीच्या तोंडावर ‘तुझं चुकतंय’ म्हणता आलं पाहिजे, आणि ऐकणारीने ते छापूनही आणलं पाहिजे. ‘स्त्री उवाच’ हे नाव स्त्रीवादी वर्तुळातलंच होतं, हे लक्षात घ्या.

दुसऱ्या भाषेत नेणाऱ्याही मैत्रिणीच लागतात. दोन्ही पुस्तकं २००८ साली इंग्रजीत गेली, ‘आम्हीही इतिहास घडवला’ वंदना सोनाळकरांच्या हातून, ‘आयदान’ माया पंडितांच्या. पहिल्याला एकोणीस वर्षं थांबावं लागलं, दुसऱ्याला पाच. घाई असेल त्यांनी इथेच वाचन थांबवून कुळथाची पिठी करावी.

प्रत्यक्ष कृती. चळवळीतल्या एखाद्या आजींकडे दोघींनी जावं. एकीने विचारावं, दुसरीने लिहावं. मुलगा मध्येच ‘तिला काय आठवतंय, मी सांगतो’ म्हणून खुर्ची ओढेल. मैत्रिणीने त्याला रिक्षाबद्दल, आंब्याच्या दराबद्दल, कशाहीबद्दल विचारत ओटीवर न्यावं. दुसरी वही यासाठीच आहे, त्याचंही लिहून घेतल्यासारखं करावं.

आजी म्हणतील, ‘मी काय केलंय गो? भात लावलं नि पोरं वाढवली.’ वही मिटू नये. चहा घ्यावा. दुसरा घ्यावा. पावसाबद्दल बोलावं. मग भांडी आवरता आवरता, पाठमोऱ्या, त्या म्हणतील, ‘तशी विद्यापीठाच्या नामांतराच्या टायमाला आमी बायका जेलात होतो. पोर काखेत घेऊन.’

नेमकं तेव्हाच पेन संपतं. साहित्यात पेनं दोन, हे लिहायचं राहिलं होतं.