मोतीबिंदूला घाई नको

महाड-पोलादपूरच्या माणसाला नियोजन जमत नाही असं ज्याला वाटतं, त्याने इथल्या म्हाताऱ्या आईच्या ऑपरेशनचं वेळापत्रक पाहावं. जूनमध्ये लावणी. श्रावणात पाऊस, आणि पावसात डोळ्यात पू होतो हे सर्वांना ठाऊक. गणपतीत मुंबईचा मुलगा येतो, पण आरत्या टाकून माणगाव, नागोठणे, वडखळ करत अलिबागच्या सिव्हिलला कोण जाणार? पितृपक्षात असली कामं काढत नाहीत. मग भातकापणी, दिवाळी, लग्नसराई, शिमग्याची पालखी. मे महिन्यात जखम चिघळते. की पुन्हा जून. एवढा काटेकोर कार्यक्रम मंत्रालयालाही आखता येणार नाही.

शिवाय मोतीबिंदू पिकावा लागतो. हापूस कोणी कच्चा उतरवतं का? डॉक्टर सांगतात, आता बारीक छेदातून भिंग फोडून काढतात, फार पिकला तर तो घट्ट होतो, डोळ्यात दाबही चढतो. सांगोत. कृत्रिम भिंग हॅरॉल्ड रिडले यांनी लंडनमध्ये १९४९ साली प्रथम बसवलं. इतकी वर्षं थांबलेलं भिंग आणखी दोन पावसाळे थांबेल. १९७६पासून अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं. फुकट, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच.

तोवर आजी बाजारपेठेत व्यवहार करतात. धुरकट डोळ्यांना वीसची नवी नोट आणि दोनशेची नोट सारखीच पिवळी. दुकानदार प्रामाणिक असेल तर परत करतो. नसेल तर त्याचा धंदा चालतो, पैसा गावातच फिरतो. तांदूळ त्या बोटांनी निवडतात. खडा हाताला लागला नाही तर दाताला लागतो, सापडतो मात्र नक्की.

डोळा लाल झालाच तर मेडिकलवाला आहे. चिठ्ठीशिवाय थेंब देतो, दोन दिवसांत लाली जाते. त्यात स्टेरॉइड असलं आणि महिनोन्‌महिने घातलं तर काचबिंदू होऊ शकतो. पण काचबिंदू तर आणखीच शहाणा. बहुधा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेची नजर नेतो, आणि नेलेली परत देत नाही. त्याला पिकण्याचीही वाट पाहावी लागत नाही.

एखाद्या घरात उतावळेपणा होतो आणि एक डोळा करून आणतात. पट्टी सुटल्यावर आजींना माळ्यावरची जळमटं दिसतात, सुनेने घासलेल्या टोपाची काळी कड दिसते, नातवाच्या मोबाइलमधलं चित्रही दिसतं. दुसऱ्या डोळ्याला घाई नको, यावर मग घरात प्रथमच एकमत होतं.