कूलरपुढचा पाहुणा

यंत्राने माणसाच्या घरात कसे नांदावे, यासंबंधी आजवर जितकी मते मांडली गेली असतील त्यांतले सर्वांत निःसंदिग्ध मत १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने जाहीर केलेल्या बक्षिसाच्या शर्तींत सापडते. सुधारित चरखा घडवून देणाऱ्यास १ लाख रुपयांचे इनाम द्यावयाचे होते. मात्र त्या चरख्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी आणि वेळच्या वेळी निगा राखली असता तो २० वर्षे बिनतक्रार चालावा, असा दंडक होता. ते इनाम अखेरपर्यंत कोणाच्याच पदरात पडले नाही. आमच्या वर्ध्यात मगनवाडीला १९३८ साली उघडलेल्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नाना प्रकार न्याहाळीत हिंडताना मला त्या शर्तींचे हटकून स्मरण होते, आणि पुढेमागे लोक आपल्या बैठकीच्या खोलीत कसले यंत्र आणून बसवणार आहेत याची कुणकुण लागल्यानेच कोणी दूरदर्शी पुरुषाने त्या लिहून ठेवल्या असाव्यात, असा संशय येतो. कारण घरगुती संगणक हे यंत्र २० वर्षांची हमी देत नाही. ते उद्या सकाळचीही देत नाही.

आमच्या संगणकाने असहकार पुकारला तो ऐन मे महिन्यात. कळ दाबली की हिरवा दिवा लागे, पोटातला पंखा घरघरू लागे, आणि पडदा मात्र अमावास्येसारखा काळा तो काळाच राही. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून सारी हयात काढलेल्या मला ही अवस्था अगदीच अपरिचित होती असे नव्हे. अर्ज पोचला, त्याची बारनिशीत नोंद झाली, टपाल टेबलावर आले, आणि तिथून पुढे ते का सरकत नाही याचा जबाब देण्यास कोणीही बांधलेला नाही, असे प्रकार मी उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिलेले होते. फरक इतकाच, की पूर्वी मी टेबलाच्या आतल्या बाजूस बसत असे.

अशा प्रसंगी चौकशी रीतसर व्हावी या मताचा मी असल्यामुळे प्रथम साक्षीपुरावे गोळा करण्याचे ठरविले. सर्वांआधी, समन्स न बजावताच, शेजारचे गृहस्थ हजर झाले. त्यांचे आयुष्य विहिरीवरच्या पंपांच्या मोटारींना तारा गुंडाळण्यात गेलेले असून, जे जे सुरू होत नाही त्या प्रत्येकाच्या मुळाशी एकच कारण असते हा त्यांचा सिद्धान्त आहे. त्यांनी संगणकाच्या पेटीवर बोटाच्या पेराने टकटक केले, कान लावला, आणि सांगितले, “कंडेन्सर गेला, भाऊ. दुसरं काही नाही.” हे मत हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते, संगणकाच्या मुख्य फळीवर खरोखरीच कंडेन्सर उभे असतात आणि म्हातारपणी त्यांची डोकी फुगतात. परंतु याच गृहस्थांनी मागील वर्षी आमच्या मिक्सरबद्दल आणि त्याआधी एका नातलगाच्या जुळत नसलेल्या लग्नाबद्दलही हेच निदान केलेले असल्यामुळे मी फैसला राखून ठेवला.

दुसरी साक्ष पुण्याहून, दूरध्वनीवरून, चिरंजीवांची झाली. “बाबा, नीट ऐका. बीप येतोय का?” मी म्हणालो, “काय येतोय?” तो म्हणाला, “बीप! शिट्टी! आणि हा मागे कसला आवाज येतोय?” मी म्हणालो, “कूलरचा.” तो म्हणाला, “काय?” असा हा संवाद दोन्ही पक्षांचा घसा बसेपर्यंत चालला, आणि ‘साक्षीदारास प्रश्न ऐकू आला नाही’ असा शेरा मारून मला तो तहकूब करावा लागला. सौभाग्यवतींनी जबानी देण्याचे नाकारले. त्या त्याच खोलीच्या कोपऱ्यात आपल्या शिवणयंत्रावर उशीचे अभ्रे शिवीत होत्या. यंत्रांविषयीच्या आपल्या सर्वश्रुत नाराजीतून गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राला तेवढी सूट दिली होती, आणि लग्नात माहेराहून आलेले हे यंत्र अधूनमधून मिळणाऱ्या तेलाच्या थेंबावर आजतागायत कुरकुर न करता चालत आहे, या दोन्ही गोष्टी त्या बोलून दाखवीत नाहीत. पायटा मारता मारता संगणकाकडे नुसत्या पाहतात.

आता कूलरविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. कारण मुंबई-पुण्याकडच्या वाचकास वाटते तसा तो पंख्याचा थोरला भाऊ नव्हे. मुंबईच्या घामट हवेत त्याचा काडीचा उपयोग होत नाही. त्याला विदर्भाचीच कोरडी, भाजून काढणारी हवा लागते. पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला, की खिडकीबाहेर लोखंडी तिवईवर बसविलेल्या त्या पत्र्याच्या पेटाऱ्याच्या तिन्ही बाजूंच्या वाळ्याच्या ताट्यांवर छोटा पंप पाणी सोडू लागतो, आतला दांडगा पंखा बाहेरची तप्त हवा त्या ओल्या ताट्यांतून ओढून घेतो, आणि ते पाणी वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच वसूल करीत असल्यामुळे खोलीत शिरणारी हवा वाळ्याचा वास घेऊन थंडगार होऊन येते. या व्यवहारात आवाज किती होतो हे मी सांगत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात ठरलेली लग्ने दोन्हीकडच्या मंडळींना एकमेकांचे बोलणे धड ऐकू न आल्यामुळेच सुरळीत पार पडतात, अशी एक समजूत आहे. कूलरच्या समोरची खुर्ची हा घरातला मानाचा ठाव. जावई आला की ती जावयाला, व्याही आले की व्याह्यांना, आणि ओळखीचे तलाठी आले तर व्याह्यांनाही उठवून तलाठ्यांना.

हे सर्व सांगण्याचे कारण असे, की अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आमच्या मातोश्रींनी संगणकाच्या पेटीवर सहज हात ठेवला होता. “अरे, किती तापून राहिलं हे! त्यालेही थोडी हवा लागू दे,” असे म्हणून त्यांनी नातवंडांकरवी टेबल सरकवून त्या यंत्राला थेट कूलरसमोर, जावयाच्या जागी, नेऊन बसविले. दया हा गुण पात्र पाहून करावा असे शास्त्र असले, तरी वैदर्भीय आतिथ्याला ते मान्य नाही.

शेवटी आर्वी नाक्याकडून एक तरुण कारागीर आला. पाठीवर पिशवी, खिशात स्क्रू पिळण्याचे हत्यार, आणि चेहऱ्यावर आमच्या शिरस्तेदारालाही न साधलेली अलिप्तता. मी तयार ठेवलेली घटनाक्रमाची कैफियत त्याने वाचली नाही. खोलीभर एकवार नजर फिरवून तो म्हणाला, “काकाजी, पहिले कूलर बंद करा न.” घरात एकच हाहाकार उडाला. दुपारचे दोन वाजले होते. परंतु तो आपल्या मुद्द्यावरून ढळला नाही. “याच्या आवाजात मशीन काय म्हणून राहिली, ते ऐकूच येत नाही.”

कूलर थांबला. त्या अपूर्व शांततेत त्याने संगणकाची कळ दाबली, आणि आम्हां सर्वांच्या कानांवर पेटीच्या आतून एक लांबट, क्षीण, पुनःपुन्हा येणारी शिट्टी पडली. संगणक जागा होताच प्रथम आपल्या अवयवांची हजेरी घेतो. स्मरणशक्तीची पट्टी, जिला ही मंडळी रॅम म्हणतात, हजर न सापडली तर पडद्यावर अक्षर उमटविण्याइतकेही बळ त्याच्यात उरत नाही, आणि मग आपली तक्रार त्याला शिट्टीनेच गुदरावी लागते. आमचा संगणक कैक दिवस आपली फिर्याद अशी जाहीरपणे मांडीत होता आणि आम्ही तिच्यावर वाळ्याचा गार वारा सोडीत बसलो होतो.

त्याने पेटीचे पान काढले तेव्हा आतल्या पंख्याच्या पात्यांवर या कापसाच्या जिल्ह्याची बोंडभर तरी रुई जमलेली आढळली, आणि एका कोपऱ्यात खंडेनवमीचे हळदकुंकू. ताट्यांतून उडणारे बोअरच्या जड पाण्याचे तुषार, धूळ आणि ओलसर हवा यांनी मिळून त्या पट्टीच्या काठावर मळकट साय धरली होती. कारागिराने दोन्ही टोकांच्या खिट्ट्या मागे लोटून ती पट्टी अलगद उपसली, खिशातून शाळकरी पोराजवळ असते तसले पांढरे खोडरबर काढले, आणि पट्टीच्या काठावरचे एका ओळीतले सोनेरी दात तो निगुतीने घासू लागला. रबराच्या करड्या वळ्या गळून पडत गेल्या, तसतसे दात लखलखू लागले. पट्टी जागी बसताना टच्‌ असा आवाज झाला. कळ दाबली, एकच आखूड शिट्टी झाली आणि पडदा उजळला. शेजारच्या गृहस्थांनी, कंडेन्सरला धक्का लागून तो जागेवर आला असावा, असे आपले मत नोंदविले.

परंतु प्रकरण इतक्यावर निकाली निघाले नाही. वीजबिल भरण्यासाठी संकेतस्थळ उघडावयास जावे, तर संगणक ते उघडू देईना. त्या स्थळाचा दाखला अद्याप अमलात आलेला नाही, सबब त्यावर विश्वास ठेवता येत नाही, अशा आशयाचा मजकूर तो दाखवू लागला. कारागिराने खालच्या कोपऱ्याकडे बोट केले. तिथे तारीख होती १ जानेवारी २०१०. वीज नसतानाही घड्याळ चालते ठेवणारी रुपयाएवढी, ३ व्होल्टांची एक बटनासारखी बॅटरी फळीवर असते. ती कधीच निवर्तली होती, आणि यंत्र आपल्या जन्मकाळच्या तारखेवर जाऊन बसले होते. पुढल्या तारखेचा दाखला पुराव्यात घ्यावयाचा नाही, ही त्याची भूमिका मला मनोमन पटली. माझ्या हाताखालच्या एकाही कनिष्ठ लिपिकाने ती इतक्या काटेकोरपणे कधी पाळली नव्हती. शिवाय त्या तारखेस मी अजून सेवेत होतो, गुडघे शाबूत होते आणि एक वेतनवाढ यावयाची होती, हेही नमूद केले पाहिजे. कारागिराने नखाने जुनी बॅटरी उडवली, नवी दाबून बसविली, आणि त्या सगळ्यावर पाणी फिरवून चालू तारीख घातली.

जाताना त्याने सक्त ताकीद दिली, की कूलर असेल त्या खोलीत हे यंत्र ठेवू नये. हुकमाची तामिली त्याच संध्याकाळी झाली. संगणक आता मधल्या खोलीत, कोरड्या जागी सुखरूप असून त्या खोलीत मृगाचा पाऊस पडेपर्यंत पाच मिनिटेही बसवत नसल्यामुळे त्याला कोणी हात लावलेला नाही. वीजबिल मी खिडकीवर रांगेत उभे राहून भरून आलो. तिथे कूलर होता.