दोनशे पंचवीसचा हट्ट

विस्तवापाशी उभं राहायचा ज्यांना कंटाळा येतो, अशा पुरुषांसाठी अमेरिकेत एक यंत्र निघालं आहे. त्याचं नाव पेलेट ग्रिल. आम्ही राहतो ते हिल्सबरो ऑरेगन राज्यात, आणि या यंत्राचा जन्मही ऑरेगनचाच, माउंट एंजल नावाच्या लहानशा गावातला. तिथल्या जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकात ते बनवलं आणि १९८६ साली त्याचं पेटंट मिळवलं. पेटंटची मुदत सरली तसे बाकीचे कारखानदारही या धंद्यात उतरले. त्यांच्यापैकी एकाची ग्रिल माझ्या मागच्या अंगणात आहे. कोणाची ते सांगत नाही. कंपनी चालू आहे आणि माझी वॉरंटी संपली आहे.

ऑरेगनमध्ये लाकूड उदंड, लाकूड कापणारे कारखाने उदंड, त्यामुळे भुसाही उदंड. तो भुसा प्रचंड दाबाने दाबला की लाकडातलंच लिग्निन गरम होऊन त्याला धरून ठेवतं आणि सहा मिलिमीटर जाडीच्या कांड्या तयार होतात. हे पेलेट. ग्रिलच्या बगलेला एक पेटी असते, तिच्यात ते ओतायचे. पेटीच्या तळाशी एक मळसूत्र फिरतं आणि पेलेट थोडे थोडे पुढे ढकलत एका लोखंडी वाटीत टाकतं. वाटीत पेटवणारी एक कांडी विजेवर तापून लाल होते, पेलेट पेट घेतात, पंखा त्यांना वारा घालतो. आत तापमान मोजणारी सळई असते. ती सांगते काय चाललं आहे, आणि कंट्रोलर ठरवतो की मळसूत्र फिरवायचं की थांबवायचं.

यात माणसाने काय करायचं? काही नाही. दुकानात नेमकं हेच विकतात.

अडचण अशी, की माझा कंट्रोलरही जवळजवळ काही करत नसे. मंद आचेवर त्याचा सगळा कारभार घड्याळावर चाले: पंधरा सेकंद मळसूत्र फिरव, पासष्ट सेकंद थांब, पुन्हा फिरव. बाहेर ऊन असो, वारा असो, नोव्हेंबरातला आमचा ऑरेगनी पाऊस महिनाभर पडत असो, साहेबांची पाळी ठरलेली. आकडा लावला दोनशे पंचवीस फॅरनहाइटचा, म्हणजे एकशे सात सेल्सिअस, की हे महाशय एकशे नव्वदला उतरत, मग दचकून जागे होत आणि दोनशे साठला जाऊन बसत. सरासरी काढली तर दोनशे पंचवीसच. सरासरीच्या हिशेबात मीही उंच आहे.

दोनशे पंचवीस या आकड्याला इथे जी प्रतिष्ठा आहे ती आपल्याकडे एकशे आठला असावी. शेजारचे निवृत्त आजोबा कुंपणावरून विचारतात ते हवापाण्याचं नव्हे, 'आकडा किती?' हेच. मी दोनशे अडतीस म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर घरात कोणी आजारी असल्याची काळजी उमटते.

बरं, पावसाचं तर निराळंच प्रकरण. पेलेट ओले झाले की ते पुन्हा भुसा होतात, फुगतात, आणि मळसूत्राच्या नळीत असे घट्ट बसतात की छिन्नी-हातोडी काढावी लागते. गेल्या हिवाळ्यात मी पावसात छत्रीखाली गुडघ्यावर बसून ते कोरत होतो, तेव्हा बायको खिडकीतून म्हणाली, "अरे, पण हे आपोआप चालणारं आहे ना?" अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

कंट्रोलर बदलायचा विचार मंडळाच्या गणपतीत पक्का झाला. हिल्सबरो हे चिप बनवणाऱ्यांचं गाव. आमच्या मंडळात आरतीला दोनशे माणसं असली तर त्यांतली निम्मी अशी, की जी दिवसभर कुठल्यातरी भट्टीचं तापमान अंशाच्या लहानशा भागापर्यंत धरून ठेवतात. या लोकांसमोर मी प्रसादाची वाटी हातात घेऊन म्हणालो, "आमची ग्रिल जरा वरखाली होते हो." मूर्ती विसर्जनाला निघेपर्यंत मला कोणी मोकळं केलं नाही. एकाने पेपर नॅपकिनवर आलेख काढला. दुसऱ्याने सांगितलं, विकत कशाला घेतोस, रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक घे आणि प्रोग्रॅम स्वतः लिही. तिसरा नुसताच हसला. त्याच्याकडे कोळशाची आहे. सगळ्यांचं एकमत एवढ्याच गोष्टीवर झालं की मला पीआयडी जातीचा कंट्रोलर हवा.

पीआयडीचं गणित जुनं आहे. निकोलस मिनोर्स्की नावाच्या रशियन वंशाच्या अभियंत्याने १९२२ साली जहाजं आपोआप वळवण्यावर एक निबंध लिहिला. त्याने पाहिलं, की कसलेला सुकाणूवाला जहाज आत्ता किती भरकटलं एवढंच बघत नाही, आजवर किती भरकटत आलं आणि आता किती वेगाने भरकटतंय हेही बघतो. अमेरिकन नौदलाने 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर त्याच्या कल्पनेची चाचणी घेतली. ते गणित आता आमच्या अंगणात कोंबडीच्या तंगड्या सांभाळतं.

ज्यांना हे अवघड वाटतं त्यांनी लग्नघर डोळ्यांसमोर आणावं. पी म्हणजे मुलीचे वडील: आत्ता जेवढं कमी पडलं तेवढंच ओरडणार, कमी पडणं थांबलं की गप्प. आय म्हणजे आत्याबाई: साखरपुड्यापासून कोणी कोणाचा मान ठेवला नाही याची बेरीज त्यांच्याकडे, आणि ती बेरीज फुगत गेली की मंगलाष्टकांच्या मध्ये भडका. डी म्हणजे आचारी: पंगत अजून अर्ध्यावर आहे, पण वाढपी भात कोणत्या वेगाने नेतायत हे बघून तो आत्ताच दुसरं आधण ठेवतो. तिघांचं प्रमाण जमलं तर कार्य निर्विघ्न. आत्याबाईंना जास्त वाव दिला तर मात्र कठीण. ग्रिलचं झाकण पाच मिनिटं उघडं राहिलं तर त्या आत बसून मोजत असतात, आणि झाकण लावलं रे लावलं की मागचा सगळा वचपा पेलेटच्या रूपाने वाटीत. माझा आकडा एकदा असाच तीनशेच्या पुढे गेला.

नवा कंट्रोलर आला तो छोट्याशा खोक्यातून. ग्रिलची वीज काढली, चार स्क्रू सोडवले, आणि जुना बाहेर ओढला तसा त्याच्यामागून रंगीत वायरींचा गुंता आला, गुंत्याबरोबर कोळ्याचं जाळं आलं आणि जाळ्यात अडकलेला एक पेलेट. लेक टॉर्च धरून उभी होती. "बाबा, ही जांभळी कुठे?" मळसूत्र, पंखा, पेटवणारी कांडी, प्रत्येकाची जोडी वेगळी; ती तिनेच लावली. तापमानाची सळई काढली तर तिच्यावर काजळी आणि चरबीचा इतका जाड थर, की आजवर तिला आतलं काही कळत होतं हेच नवल. नव्याबरोबर नवी सळई होती. शून्य सेल्सिअसला तिचा विद्युतरोध हजार ओहम, शंभरला सुमारे तेराशे पंच्याऐंशी. या फरकावरून तापमान काढायचं. सगळं जुळलं. फक्त नव्या कंट्रोलरचा चेहरा जुन्या खाचेपेक्षा दोन-तीन मिलिमीटरने रुंद निघाला. पॅकेटवर लिहिलं होतं, 'थेट बसतो.' कानशीने घासत होतो तेव्हा हे वाक्य समोरच होतं.

आणि मग तो चालू झाला. दोनशे पंचवीस म्हटलं की दोनशे पंचवीस. फार तर दोनशे तेवीस, लगेच सत्तावीस, परत पंचवीस. फोनवरच्या आलेखात सरळ रेघ. शनिवारी रात्री पोर्क शोल्डर लावला. मांसाचं आतलं तापमान दीडशेच्या पुढे गेलं की एका जागी तासन्‌तास अडून बसतं, कारण जेवढी उष्णता आत जाते तेवढी पाण्याची वाफ होण्यात खर्ची पडते. म्हणजे फोनवर आता दोन सरळ रेघा. पूर्वी आकडा हेलकावत असे तेव्हा मी देवावर भार टाकून झोपत असे. आता काहीच बिघडत नव्हतं, आणि ते काहीच न बिघडणं मी पहाटे तीनपर्यंत बघत बसलो.

या उन्हाळ्यात सासूबाई आल्या. त्यांचं माहेर जळगावकडचं, जिथे भरिताची मोठी हिरवट-पांढरी वांगी शेतात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. त्यांच्यासाठी मांसाच्या आधी, घासून पुसून स्वच्छ केलेल्या जाळीवर, इथली जांभळी वांगी साडेचारशे अंशांना ठेवली. त्या खुर्ची घेऊन समोर बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "जावईबापू, पेटलंय का ते? धूर दिसत नाही." मी आकडा दाखवला. त्यांनी झाकणाजवळ हात धरला, मान हलवली. वांगं कापल्यावर निकाल दिला: "शिजलंय. भाजलं नाही."

मला हे मनाला लावून घ्यायचं नव्हतं, पण पुढच्या आठवड्यात कोंबडीबद्दल लेकही तेच बोलली. चव गेली म्हणाली. चौकशी केली तर कारण निघालं. धूर होतो तो विस्तव मंदावतो आणि नवे पेलेट धुमसतात तेव्हा. नवा कंट्रोलर विस्तव मंदावूच देत नाही. ज्योत लहान, स्वच्छ, अखंड, आणि धूर जवळजवळ नाहीच. त्यावर उपाय म्हणून नव्या कंट्रोलरमध्येच 'स्मोक' नावाची सोय आहे. ती लावली की तो मुद्दाम आकडा खालीवर करतो. जो झोल काढायला मी पैसे मोजले, तोच झोल त्याच पैशांत बटणावर परत.

तेवढ्यानेही भागेना, म्हणून आता भोकं पाडलेली एक स्टीलची नळी आणली आहे. तिच्यात पेलेट भरायचे, टोकाला जाळ लावायचा, चांगलं पेटलं की फुंकर घालून ज्योत विझवायची आणि ती धुमसती नळी ग्रिलमध्ये ठेवायची. माझी फुंकर कमी पडते. सासूबाई एका दमात करतात, आणि दरवेळी विचारतात की मग त्या डब्यातल्या आकड्याचं काम काय. त्यांचा व्हिसा ऑक्टोबरपर्यंत आहे.

जुना कंट्रोलर गराजमध्ये पडून आहे. चालू स्थितीत आहे. आकडा पस्तीस अंश इकडेतिकडे करतो, धूर मात्र सढळ हाताने देतो. पोर्टलंडच्या आसपास कोणाला हवा असेल तर खुशाल घेऊन जावा. पैसे नकोत, येताना हिकरीच्या पेलेटची एक पिशवी आणावी, कोरडी.