मोकळ्या मैदानाच्या शुभचिंतकांस अनावृत पत्र

प्रति,
मोकळे मैदान दिसताच ज्यांच्या मनात गाळे, सभामंडप आणि वाहनतळ यांचे नकाशे उमटू लागतात, असे समस्त दूरदर्शी मान्यवर,
मुक्काम खकनार, जिल्हा बऱ्हाणपूर (मध्य प्रदेश), तसेच इतर सर्व गावे.

विषय : फुटबॉलचा हौशी संघ आणि त्याचे मैदान यांपासून विकासाला संभवणाऱ्या धोक्याबाबत.

महोदय,

फुटबॉलच्या मैदानाला, मोठ्या सामन्यांत रूढ असलेल्या १०५ मीटर लांबी व ६८ मीटर रुंदीच्या हिशेबाने, ७,१४० चौरस मीटर, म्हणजे जवळपास पावणेदोन एकर जमीन लागते. एवढ्या जमिनीवर बावीस माणसे दीड तास धावतात आणि खेळ आटोपल्यावर तेथे भाडे, पागडी किंवा कोनशिला यांपैकी काहीच मागे राहत नाही, याचा मान्यवरांना होणारा क्लेश समजण्यासारखा आहे. त्यातही हौशी संघ, म्हणजे ज्याच्या खेळाडूंना खेळण्याचा मोबदला मिळत नाही असा संघ, हा व्यवहारी दृष्टीला अधिकच संशयास्पद ठरतो, कारण पैसे न घेता जो रोज संध्याकाळी हजर होतो, त्याला कोणत्या दराने उठवावे हे ठरवता येत नाही.

दुर्दैवाने कायदाही या कामी मान्यवरांना पुरेसे साहाय्य करीत नाही. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडातून वेगळ्या झालेल्या बऱ्हाणपूर जिल्ह्याला आणि त्यातील खकनार तहसिलीला लागू असलेल्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेत, म्हणजे १९५९ च्या जमीन महसूल कायद्यात, 'निस्तार' नावाची तरतूद आहे. निस्तार म्हणजे सरपण, चराई, दहन-दफन अशा रोजच्या गरजांसाठी गावातील सामाईक जमीन वापरण्याचा गावकऱ्यांचा हक्क होय, आणि या हक्कांची गाववार नोंद ज्या दस्तऐवजात होते त्याला निस्तार पत्रक म्हणतात. संहितेच्या कलम २३७ नुसार जिल्हाधिकारी ज्या कामांसाठी अशी जमीन राखून ठेवू शकतात, त्यांच्या यादीत कुरण, स्मशान, पडाव, खळे, बाजार, कातडी सोलण्याची जागा आणि खताचे खड्डे यांच्यानंतर शाळा आणि खेळाचे मैदान येते. खेळाचा क्रमांक खताच्या खड्ड्यांनंतर लागावा, हा कायदेकारांचा विवेक मान्यवरांना दिलासा देईल; परंतु क्रमांक कितीही खालचा असला तरी नाव यादीत आहे, आणि राखून ठेवलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीविना दुसऱ्या कामी लावता येत नाही, ही अडचण उरतेच. त्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य या, मुळात गावतळ्याच्या जागेवरून उद्भवलेल्या प्रकरणात, सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याच्या योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले, आणि कब्जा फार जुना आहे किंवा बांधकामावर मोठा खर्च झाला आहे, ही सबब पुरेशी नाही, असेही बजावले. चिकाटी आणि भांडवल या मान्यवरांच्या दोन्ही सद्गुणांचा इतका अनादर अन्यत्र क्वचितच झाला असेल.

मैदानावर संघ रुजू दिल्यास काय अनर्थ ओढवतो, याचे उदाहरण कोल्हापुरात पाहावे. तेथील पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार या नामांकित फुटबॉल संघांची नावे तालमींची आहेत. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा, जी पुढे त्या भागातील तरुणांची सार्वजनिक संस्थाच होऊन बसली. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या छत्राखाली हे संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांशी झुंजतात, आणि संघाची हार-जीत ही साऱ्या पेठेच्या अब्रूची बाब मानली जाते, त्यामुळे मैदानाच्या कडेला एखादी भिंत मुकाट्याने वर चढवावी, अशी सोय तेथे उरलेली नाही. अर्थात मैदानांचा जन्मही नेहमी निष्पाप असतो असे नाही. त्याच शहरातील गांधी मैदान हे वरुणतीर्थ नावाचे तळे बुजवून झालेले असून, पावसाळ्यात तेथे पुन्हा पाणी साचते. सामाईक जागेचा एक उपयोग दुसऱ्याने गिळला तरी पहिला आपला दावा सोडत नाही, हा धडा मान्यवरांनी बांधकामाचे अंदाजपत्रक करताना ध्यानी घ्यावा.

याउलट मान्यवरांना उमेद वाटावी असा दाखला इंग्लंडमधील शेफील्डचा आहे. २४ ऑक्टोबर १८५७ रोजी नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट यांनी स्थापन केलेला शेफील्ड फुटबॉल क्लब हा आज अस्तित्वात असलेला जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो. या क्लबने पुढच्याच वर्षी स्वतःचे नियम लिहून काढले, २६ डिसेंबर १८६० रोजी हॅलम या शेजारच्या क्लबशी सामना खेळला, आणि १८८५ साली इंग्लंडमध्ये खेळाडूंना पगार देण्यास मान्यता मिळाल्यावरही हौशीपणा न सोडता १९०४ साली हौशी संघांचा राष्ट्रीय चषक जिंकला. २००४ साली फिफा या जागतिक संघटनेने त्याला जो सन्मान दिला, तो क्लबांपैकी त्याच्याखेरीज फक्त रेआल माद्रिदच्या वाट्याला आला. एवढी कीर्ती असूनही स्वतःचे पहिले मैदान या क्लबला २००१ साली, म्हणजे स्थापनेनंतर १४४ वर्षांनी लाभले, तेही शेफील्डमध्ये नव्हे, तर शेजारच्या डर्बीशायरमधील ड्रॉनफील्ड या गावी. आणि २०११ साली सोयीसुविधांसाठी पैसा उभा करताना ज्या दप्तरात आपले आद्य हस्तलिखित नियम होते, ते दप्तरच त्याने लिलावात ८,८१,२५० पौंडांना विकले. ज्याला वेळीच जमीन मिळत नाही, त्याला पुढे जमिनीसाठी इतिहास विकावा लागतो, हे मान्यवरांच्या पथ्यावर पडणारे सत्य आहे.

या साऱ्याचा निष्कर्ष असा की मैदान संघाला टिकवते त्याहूनही संघ मैदानाला अधिक टिकवतो. कागदावरची नोंद कपाटात पडून राहू शकते, पण रोज फक्की मारून आखली जाणारी रेघ सर्वांना दिसते आणि ती ओलांडणाराही दिसतो. म्हणून मान्यवरांनी कुंपण घालण्याची घाई न करता आधी संघच उभा राहणार नाही अशी तजवीज करावी : दोन गोलांचे खांब रोवू देऊ नयेत, सामन्याची तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी जाहीर होऊ देऊ नये, आणि विशेषतः गावातील मुलांपैकी कोणी तहसील कार्यालयात निस्तार पत्रकाची प्रमाणित प्रत मागू लागला, तर तो चेंडूपेक्षाही धोकादायक वस्तू हाताळीत आहे, असे समजून त्वरित सावध व्हावे.

कळावे. लोभ असावा, मात्र तो जमिनीचा नसावा, ही विनंती.

मैदानाच्या कडेला उभे राहून सामना पाहणारे
समस्त प्रेक्षक