एडिटिंगवाले सर

हे सर भंडारा जिल्ह्यात साकोलीपासून तुमसरपर्यंत कुठेही भेटतात. शाळेत गणित शिकवत असोत की बँकेत कॅशवर बसत असोत, गळ्यातला कॅमेरा बहुधा पगारवाढीच्या थकबाकीतून आलेला असतो. पूर्वी ते फोटो काढायचे. आता फक्त 'रॉ', म्हणजे कच्च्या फाइली, काढतात. शिवनीबांधावर बदकं अंधारात काळे ठिपके झाली तरी सर बेफिकीर: "असू द्या ना जी, घरी शॅडोज उचलू."

घरी लॅपटॉपवर लाइटरूमची सात दिवसांची फुकट ट्रायल सुरू असते. हे सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाही, केलेले बदल वेगळे टिपून ठेवतं, आणि तयार फोटो हवा असेल तर तो 'एक्स्पोर्ट' करून घ्यावा लागतो. सर मात्र रात्रभर पळस लालभडक करतात, सकाळी फोल्डर उघडतात, तर पळस होता तसाच. मग ते जागा वाचवायला फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर हलवतात आणि लाइटरूममधल्या एकूणएक फोटोवर 'सापडत नाही'चं उद्गारचिन्ह उमटतं. हिंदी यूट्यूबवरचा 'दोस्तों' म्हणणारा मुलगा याबद्दल काहीच बोललेला नसतो. निम्मी ट्रायल इथेच संपते.

उरलेली स्लायडर ओढण्यात जाते. सर कुठलाही स्लायडर आधी शंभरावर नेतात, मग मोठ्या मनाने नव्वदवर आणतात. क्लॅरिटीने आजीच्या सुरकुत्यांत नांगरट होते. सॅच्युरेशनने धानाची बांधी रेडियमसारखी चमकते. सारसाचं डोकं मुळात लालच असतं, पण सरांचा सारस पाहून एकाने विचारलं, "याला लागलं काय जी?" व्हाइट बॅलन्स शिकले त्या दिवशी त्यांनी पिवळेपणा एवढा काढला, की बाईंनी मागून डोकावून विचारलं, "अवो, आपला पितळेचा गुंड स्टीलचा कधी झाला?" पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात हा प्रश्न जिव्हारी लागतो.

पण सरांचा खरा जीव 'डीहेझ'वर. हा स्लायडर २०१५मध्ये आला. उजवीकडे ओढला की धुकं जातं, डावीकडे ओढला की येतं. डिसेंबरात सर पहाटे उठून, कानटोपी घालून, वैनगंगेचं धुकं टिपायला जातात. घरी येऊन ते धुकं काढून टाकतात, कारण पलीकडचा काठ नीट दिसत नाही. मग मे महिन्यात भर दुपारी काढलेल्या फोटोत, "जरा वातावरण पाहिजे," म्हणून तेच धुकं घालतात. माझ्या मते या जिल्ह्यात धुक्याचा एवढा चोख हिशेब दुसऱ्या कोणी ठेवलेला नाही.

हे सगळं शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. तिथे फोटो आणखी चेपला जातो आणि तडा गेलेल्या काचेच्या मोबाइलवर मेहुणे तो पाहतात. एकजण त्यावर गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' चिकटवून पुढे पाठवतो. सर दुखावतात, पण किती ठिकाणी पोचला हेही मोजतात.

गावाला त्यांच्या विद्येचा एकच उपयोग ठाऊक आहे: नोकरीच्या फॉर्मचा फोटो. पांढरं बॅकग्राउंड आणि वीस ते पन्नास केबी. परवा रात्री शेजारचा मुलगा मोबाइल घेऊन आला. सरांनी चष्मा पुसला, हिस्टोग्राम उघडला, दोनशे टक्के झूम केलं आणि त्याच्या केसांचं एकेक टोक मास्क करायला घेतलं.

"सर, आज शेवटची तारीख हाय जी. बारा वाजता साइट बंद होते."

"थांब गा," सर म्हणाले, "तुझा डावा कान अजून अंडरएक्स्पोज आहे."